घरी आणि घरात

फळ्यावर मी वाक्य लिहिलं होतं, ‘आय लिव्ह डॅश परभणी डिस्ट्रिक्ट’. डॅशच्या जागी ‘इन’ यायला हवं होतं आणि ते आलंही. गंगाखेड तालुक्यातल्या डोंगरकडेच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा, सातवीचा वर्ग, चैत्रातली सकाळची शाळा. मोठ्या ठिकाणाला ‘इन’, लहान ठिकाणाला ‘ॲट’, असा नियम मी शिकताना पाठ केला होता आणि तोच पुढे शिकवत होते. देश, राज्य, जिल्हा आला की इन. गाव, वाडी, तांडा, फाटा आला की ॲट. लहान-मोठं मुलांना लगेच कळतं, त्यामुळे नियमही लगेच कळायचा. ‘जगात जर्मनी, देशात परभणी’ ही म्हण आमच्याकडे दुधाचे दात पडायच्या आत येते. तिच्यातले दोन्ही ‘त’ म्हणजे इंग्रजीतलं ‘इन’, एवढं सांगितलं की वर्ग खूश होई.

मग एकेकाला उभं करून विचारत गेले, ‘व्हेअर डू यू लिव्ह?’ मागच्या रांगेत एक मुलगा होता. दिवाळी झाली की आई-बापाबरोबर ऊसतोडीला जायचा, शिमगा झाला की परत यायचा. त्या वर्षी आठवड्यापूर्वीच आलेला. तो उभा राहिला, जरा थांबला आणि म्हणाला, ‘‘बाई, आत्ताचं सांगू का नेहमीचं?’’

कुणी हसलं नाही. वर्गातल्या निम्म्या मुलांचा तोच प्रश्न होता.

‘‘नेहमीचं सांग,’’ मी म्हणाले. मला वाटलं, आता तो गावाचं नाव घेईल. त्यानं कोल्हापूरकडच्या एका गावाचं नाव घेतलं. कारखान्याचं गाव. ‘आय लिव्ह ॲट’ म्हणून त्यानं ते नाव नीट जोडलं. गाव लहान, म्हणून ॲट. नियमाप्रमाणे बरोबर होतं. मी ‘करेक्ट’ म्हटलं आणि पुढच्या मुलाकडे वळले. संध्याकाळी भाकरी थापताना लक्षात आलं की तो तेव्हा गावातच बसला होता. त्याच्या हिशेबात ते ‘आत्ताचं’ होतं.

पत्ता म्हणजे काय, हे मला फार लहानपणापासून माहीत होतं असं मी समजत होते. माझ्या वडलांकडे गावाचं पोस्ट होतं. वसमत तालुक्यातलं आमचं गाव, आणि आमच्या ओसरीच्या एका बाजूला ब्रँच पोस्ट ऑफिस. एक लाकडी पेटी, एक तराजू, शाईची गादी आणि शिक्का. शिक्क्यातली तारीख रोज सकाळी बदलावी लागे. बारीक धातूचे आकडे चिमट्यानं काढायचे आणि दुसरे बसवायचे. हे काम वडील कुणाला करू देत नसत. दुपारी एसटीनं थैली यायची, तिच्या तोंडावर लाखेची मोहर. मोहर तोडली की वडील पत्रं ओसरीवर मांडायचे आणि पत्ते मोठ्यानं वाचायचे. मला अक्षरओळख झाली ती पाटीवर नाही, त्या पत्त्यांवर.

त्यात दोन जातीचे पत्ते असत. आमच्या गावाचा पत्ता ‘मु. पो.’ असा जोडून लिहिलेला. म्हणजे मुक्काम आणि पोस्ट एकच. आसपासच्या वाड्यांचे पत्ते तुटलेले: ‘मु.’ एक, ‘पो.’ दुसरं. तिथं माणसं राहत, पण पोस्ट आमच्याकडे. इंग्रजीत पत्ता लिहिणारा तेच ‘ॲट पोस्ट’ असं लिहायचा, घाईत असला तर नुसतं ‘ए’ आणि ‘पी’ आणि मध्ये तिरकी रेघ. अजूनही मराठवाड्यातल्या लग्नपत्रिकेवर, खताच्या पावतीवर, ऑनलाइन अर्जात हे ‘ॲट पोस्ट’ भेटतं. इंग्लंडमधल्या माणसाला ते कळणार नाही. त्याच्या व्याकरणात ‘ॲट’नंतर जागेचं नाव येतं, ‘पोस्ट’ येत नाही. आपल्याकडे ‘ॲट’ म्हणजे ‘मु.’ एवढंच. दोन वेगळ्या शब्दांची दोन आद्याक्षरं शेजारी ठेवली आणि इंग्रजीत नेली, की त्यांचंच ‘ॲट पोस्ट’ झालं. ते चुकीचं आहे असं मला कधीच वाटलं नाही. लाखो पत्रं त्यावर बरोबर पोचली आहेत.

ही फोड लागते कशाला, हेही वडलांनीच सांगितलं होतं. एका नावाची गावं किती! पिंपळगाव म्हणा, टाकळी म्हणा, परभणी जिल्ह्यातच चार ठिकाणी सापडतील. कुठं पुढे बुद्रुक लावायचं, कुठं खुर्द, म्हणजे थोरलं आणि धाकटं. तरी भागत नाही. म्हणून ‘पो.’ लागतं, ‘ता.’ लागतं, ‘जि.’ लागतं. तालुका आणि जिल्हा एकच असला की ‘ता. जि. परभणी’. माझ्या आजोबांच्या निजामाच्या काळातल्या उर्दू कागदांवर ‘मौजे’ आणि ‘साकीन’ होतं. मौजे म्हणजे गाव, साकीन म्हणजे तिथला राहणारा. 1950 साली निजामाचं टपाल भारतीय टपालात मिसळलं, कागद मराठी झाले, साकीनचं ‘रा.’ झालं. मौजे मात्र सातबारावर अजून आहे.

मी दहा वर्षांची असताना पत्त्याला आकडे चिकटले. 15 ऑगस्ट 1972 रोजी पिन कोड सुरू झाला. ते काम करणारे टपाल खात्यातले अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, हे वडील मोठ्या अभिमानानं सांगत. सहा आकड्यांतला पहिला 4, म्हणजे आपण, गोवा आणि तेव्हाचा मध्य प्रदेश. परभणी शहराचा 431401, त्याच वर्षी सुरू झालेल्या कृषी विद्यापीठाचा 431402, वसमतचा 431512. वडलांनी तो खडूनं ओसरीच्या भिंतीवर लिहून ठेवला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो पाठ करायला लावायचे.

आणि त्याच वर्षी दुष्काळ पडला. पत्ता कधी नव्हे इतका नेमका झाला आणि पत्त्यावर माणूस सापडेना. कुणी खडी फोडायला कामावर, कुणी मुंबईला, कुणी पुण्याला, कुणी नुसतंच ‘तिकडं’. आलेली पत्रं परत पाठवताना वडलांना शेरा मारावा लागे. तांबड्या शाईनं ते लिहायचे, ‘गावी नाही’. एकदा मी विचारलं होतं, ‘गावात नाही’ असं का लिहीत नाही तुम्ही? ते म्हणाले, ‘‘गावात नाही म्हणजे रानात असेल, संध्याकाळी येईल. गावी नाही म्हणजे नाही.’’

हे उत्तर मला चाळीस वर्षांनी उपयोगी पडलं. त्या मुलाच्या प्रश्नानंतर दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले ती फळ्यावर इंग्रजी न लिहिता. आधी सप्तमी म्हणवून घेतली. ‘त, ई, आ’. विभक्तीचा तक्ता सगळ्यांना पाठ होता, पण त्यातल्या ‘ई’चं कुणी कधी काही केलं नव्हतं. मी दोन वाक्यं लिहिली: ‘आजी घरी आहे’ आणि ‘मांजर घरात आहे’. मग म्हटलं, आता उलट करा. मांजर घरी आहे म्हणा. एक मुलगी लगेच म्हणाली, ‘‘नाही बाई, मांजर घरी नसतंय. ते घरात असतंय.’’

‘घरी’ म्हणजे इंग्रजीतलं ‘ॲट होम’. ‘घरात’ म्हणजे ‘इन द हाउस’. ‘घरात’साठी चार भिंती पुरतात. चोरही घरात असतो, पाहुणाही घरात असतो. ‘घरी’साठी भिंती लागत नाहीत. माणूस अंगणात बाजेवर पडलेला असला, गोठ्यात धार काढत असला, तरी दारावर आलेल्याला सांगतात, ‘‘आहेत, घरी आहेत.’’ इंग्रजीलाही हा फरक इतका जपावासा वाटला की तिनं ‘होम’च्या आधी ‘द’ लावलं नाही. जाताना तर ‘ॲट’ही नको, ‘टू’ही नको, नुसतं ‘गो होम’. आमची मुलं हमखास ‘गो टू होम’ लिहायची आणि मी तांबडी रेघ मारायचे. त्या दिवशी रेघ मारायच्या ऐवजी सांगितलं, आपण ‘घरी जातो’ म्हणतो आणि ‘घरी आहे’ म्हणतो. जायला आणि असायला आपल्याकडे एकच ‘ई’ आहे. घर म्हटलं की वाटेला वेगळा शब्द लागत नाही, तसंच त्यांचंही.

मग वर्ग मोकळा सुटला. कुणी म्हणालं, गावी आणि गावात. गावी गेलाय म्हणजे सुट्टी काढून गेलाय, चार दिवस येत नाही. गावात गेलाय म्हणजे तंबाखू आणायला गेलाय. कुणी म्हणालं, दारी आणि दारात. चप्पल दारात असते, तुळस दारी असते. एकानं ‘शाळी’ म्हणून पाहिलं आणि सगळे हसले. शाळेला ई लागत नाही. बाजारालाही बोलण्यात लागत नाही, दवाखान्याला नाही, कारखान्याला नाही. फळ्यावर यादी वाढत गेली: माहेरी, सासरी, आजोळी, दारी, घरी, गावी, मुक्कामी. शरीरालाही लागतो: हाती, पोटी, कानी, पाठी. ‘परगावी’ आणि ‘परदेशी’ हे दोन शब्द त्यात बसेनात, पण तेही गावाच्या आणि देशाच्या आधारानंच आलेले. बाकी भाषा हळूहळू ‘त’कडे सरकत गेली आणि हा जुना ‘ई’ उरला तो एवढ्याच जागांवर. जिथं माणसाची वाट पाहिली जाते त्या जागा. मी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. यादीकडे बघताना मला असं दिसलं, आणि अजून तसंच दिसतं.

‘ला’ची गोष्ट आणखी वेगळी. ‘मुलगा पुण्याला असतो,’ असं आपण म्हणतो. ‘पुण्यात राहतो’ असंही म्हणतो, पण ते त्याच्या तोंडून. गावाकडची आई ‘पुण्याला असतो’ म्हणते. राहणं तिनं त्याला अजून दिलेलं नसतं. तिच्या लेखी तो तिथं नुसता असतो.

कागदाला हा फरक माहीत आहे. तलाठ्याकडे, पोलिसात, कोर्टात दोन अक्षरं ठेवलेली असतात, ‘ह. मु.’. हल्ली मुक्काम. ‘रा.’ पुढे गाव येतं, ‘ह. मु.’ पुढे माणूस जिथं सापडेल ती जागा. मुक्काम शब्द मूळचा अरबी, आपल्याकडे त्याचा अर्थ रात्रीपुरतं टेकणं असा स्थिरावला. पालखीचा मुक्काम, मेंढरांचा मुक्काम. शेवटची एसटी गावात झोपते ती मुक्कामी गाडी. आणि तोच शब्द आपण जन्मभराच्या पत्त्याच्या तोंडाशी लावला. मला तो फार योग्य वाटतो. इंग्रजी ‘ॲट’ नकाशावर टिंब देतो. मुक्कामात चूल, अंथरूण, उद्या सकाळी उठून निघायचं, हे सगळं येतं.

पण ‘ह. मु.’ नेहमी इतका हलका नसतो. आमच्या शाळेजवळ राहणाऱ्या एका बाईनं पोटगीच्या अर्जाचे कागद मला वाचायला आणले होते. नावाखाली लिहिलं होतं, रा. सासरचं गाव, ह. मु. माहेरचं गाव. नवऱ्यानं घालवून दिल्याला अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ती हल्ली माहेरी होती. भावाच्या घरात, मागच्या खोलीत. तिला वाचता येत नव्हतं. मी ते मोठ्यानं वाचलं तेव्हा ‘ह. मु.’ म्हणजे काय, असं तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘‘मंग बराबर हाय.’’

माझाही मुक्काम बदलला, पण सुखानं. लग्न होऊन गंगाखेडला आले. माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘ता. वसमत, जि. परभणी’ आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा झाला आणि वसमत तिकडे गेलं. त्याआधी, 1981 मध्ये परतूर असंच जालन्यात गेलं होतं. आमची ओसरी हलली नाही, पिन कोड हलला नाही, माहेर मात्र दुसऱ्या जिल्ह्यात गेलं. आई तेव्हा होती. तिला सांगितलं तर म्हणाली, ‘‘जिल्हा गेला तर जाऊ दे, तू कधी येतीस ते सांग.’’ माहेरी जायला जिल्हा लागत नाही, हे तिनं दोन शब्दांत संपवलं.

गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. गोदावरीच्या काठी त्यांचं मंदिर आहे आणि आमची शाळेची सहल दर वर्षी तिथं ठरलेली. लहान वयात त्या इथून पंढरपूरला गेल्या, दामाशेटींच्या घरात राहिल्या, नामदेवांची दासी हीच आपली ओळख त्यांनी सांगितली. सहलीत एका मुलीनं मला विचारलं होतं, ‘‘त्या परत घरी नाही आल्या का?’’ घाटाच्या पायऱ्यांवर उभी राहून ती नदीकडे बघत विचारत होती. मी तिला सांगितलं की त्यांना जात्यावर विठ्ठल भेटला अशी कथा आहे. तिनं मान हलवली, पण तिचा प्रश्न तिथंच राहिला, कारण तो विठ्ठलाबद्दल नव्हता. आमच्या भागातली मुलं परत येण्याबद्दलच विचारतात.

ऊसतोडीचं ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादमाकडून उचल घेतली की नवरा-बायकोचा मिळून एक कोयता होतो. पाऊसकाळ संपला की ट्रक आणि ट्रॅक्टर गावात येतात, त्यात भांडी, धान्याची पोती, शेळी, लेकरं. कारखान्याच्या गावाबाहेर पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात. कोपीत माणूस वाकून शिरतो. पहाटे काळोखात फडात जायचं, लहानग्यांना थोरल्याकडे सोपवायचं, आणि थोरलं म्हणजे शाळेतलं माझं सातवीतलं मूल. कोपीला पत्ता नसतो. तिथं पत्र येत नाही. पूर्वी मनीऑर्डर गावाकडे यायची, म्हातारीचा डावा अंगठा घेऊन पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि खालच्या कूपनावरच्या दोन ओळी वाचून दाखवायचा. 2015 मध्ये ती जुनी मनीऑर्डर बंद झाली. आता पैसे खात्यात येतात, दोन ओळी येत नाहीत.

मे 2025 मध्ये टपाल खात्यानं डिजिपिन आणला. देशभर सुमारे चार मीटर लांब, चार मीटर रुंद चौकोन आखलेत, आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-आकड्यांची खूण. वाचल्यावर पहिल्यांदा मला कोपी आठवली. ती अशा एका चौकोनात मावते. आता कोपीलाही खूण मिळेल, आणि ती मिळावी असं मला मनापासून वाटतं. रात्री-अपरात्री बाळंतीण अडली, कुणाला साप चावला, तर रुग्णवाहिकेला सांगायला तरी काही असेल. वडील असते तर त्यांनी तीही दहा अक्षरं भिंतीवर लिहून पाठ करून घेतली असती. शेरा मात्र त्यांना तांबड्या शाईनंच मारावा लागला असता.

त्या मुलाचं पुढे सांगायचं राहिलं. पुढच्या वर्षी तो आठवीत गेला. शाळेत हंगामी वसतिगृह सुरू झालं होतं. आई-बाप तोडीला गेले तरी मुलानं गावात राहावं, शाळा बुडू नये, म्हणून दोन वेळचं जेवण शाळेतून. आम्ही शिक्षक घरोघर फिरून आई-बापांना गळ घालत होतो. त्याच्या आईला मीच समजावलं. ती ट्रकमध्ये चढली तेव्हा तो पारावर उभा होता, हात वर करायचा सोडून दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे धरून. त्या वर्षी तो सहा महिने आपल्याच घरात, आजीजवळ राहिला. हजेरी पूर्ण. अक्षर सुधारलं. मला फार समाधान वाटत होतं, आणि आजही त्याबद्दल खंत नाही. त्याची शाळा सुटली असती तर कोयता ठरलेला होता.

पौषात घटक चाचणी घेतली. मोकळ्या जागा भरायच्या होत्या. ‘द बुक इज डॅश द टेबल’, ‘शी इज डॅश स्कूल’, ‘वी आर डॅश होम’. कंसात पर्याय द्यायचे मी विसरले होते. बहुतेकांनी बरोबर लिहिलं, घरी-घरातचा तास त्यांच्या लक्षात होता. त्याच्या पेपरात पहिल्या जागी ‘ऑन’ होतं, दुसऱ्या जागी ‘ॲट’. तिसऱ्या जागी त्यानं तीन अक्षरं लिहिली होती. ‘नॉट’.

‘वी आर नॉट होम.’

व्याकरणात चूक नव्हती. मी त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली, एक गुण लिहिला, आणि त्याचा पेपर गठ्ठ्यात त्याच्या जागी ठेवला.